एकाच तापाच्या दोन रजा

पगारी रजा ही चीज मी पहिल्यांदा पाहिली ती दुसऱ्याची.

अमरावतीत कापसाच्या एका अडत्याच्या पेढीवर मी लिहिण्याच्या कामाला लागलो होतो. अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला एकाएकी भाव आला होता. काल ज्यांना कोणी ओट्यावर बसू देत नव्हते ते बग्गीतून फिरू लागले, आणि बग्गीत बसल्याबरोबर माणसाला जे शहाणपण येते तेही त्यांना आले. आमचा शेठ त्यातलाच. कापूस कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक होते, एवढे मी त्याच्या बाजूने बोलू शकतो.

मी माळ्याचा मुलगा. शहराबाहेर आमचा मळा, विहिरीवर दोन मोटा, वांगी, मिरची, मेथी आणि सणासुदीला झेंडू. मला मोडी लिहिता येत होती, आणि पलटणीतून परतलेल्या एका लेखनिकाकडून कामापुरती इंग्रजीही शिकलो होतो. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला वडिलांपेक्षा मोठा समजत होतो. वडील म्हणत, "पोरा, नोकरी कर, पण सुटी कवा भेटते ते आधी इचार." मी विचारले नाही. विचारणे मला हलकेपणाचे वाटले.

पेढीवर सालाची बोली होती. अमावास्येला अर्धा दिवस पेढी बंद, दिवाळीला पूजनाचा दिवस, संपले. बाकी एक दिवस जरी आलो नाही तर तो खाडा, त्याचा पगार कापला. हंगामात तर आजारी पडायचीही सोय नव्हती. सरकीच्या धुळीने खोकून खोकून बेजार झालेला एक तोलणारा घरी बसला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या काट्यावर दुसराच उभा होता आणि शेठने त्याचे नावही विचारले नव्हते.

माझे लग्न ठरले ते नेमके हंगामात. मी आठ दिवस मागितले. शेठने दोन दिले, आणि दिवाळीचा दिवस त्यात धरला. हे मी मुकाट्याने सोसले असते. पण त्याच महिन्यात पेढीचा मुनीम आपल्या मुलखाला निघाला. शेठ आणि मुनीम दोघेही एकाच गावचे, दूर वाळूच्या देशातले. त्यांच्यात रीत अशी की मुनिमाने तीन वर्षे सलग परमुलखात काढायची आणि मग सहा महिने घरी जाऊन राहायचे. त्या सहा महिन्यांचा पगार चालू, वर जाण्यायेण्याचा खर्च पेढीचा. त्याला निरोप द्यायला शेठ स्वतः वेशीपर्यंत गेला. मागून मी ओझे घेऊन गेलो.

परत येताना मी शेठला विचारले, "शेठजी, मुनीमजींना सहा महिने, अन् मला लग्नाला दोन दिवस?"

शेठ रागावला नाही. त्याने मला समजावून सांगितले. "वो घर से दूर है. तू तो रोज शाम को घर जाता है. तेरी तो रोज छुट्टी है."

आणि त्याला हे खरेच वाटत होते. लबाड माणसाचा मला इतका तिटकारा येत नाही, जितका आपल्या लबाडीवर श्रद्धा असणाऱ्याचा येतो. मुनीम सहा महिन्यांनी परतला तो तूप खाऊन असा फुगला होता की गादीवर त्याला दोन माणसांची जागा लागू लागली. तो आला त्याच आठवड्यात मी पेढी सोडली.

अकोल्याच्या कचेरीत मला कारकुनाची जागा मिळाली. निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे येऊन काही वर्षे झाली होती आणि नवे कायदे शिकणाऱ्या माणसांची गरज होती. पहिल्याच दिवशी शिरस्तेदाराने मला रजेचे नियम समजावले. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतला देशी नोकरांतला वरचा माणूस. आमचा पुण्याकडचा होता आणि आम्हां वऱ्हाडी लोकांशी बोलताना तो नेहमी जरा सावकाश बोले, बहिऱ्याशी बोलावे तसा.

"अहो, हे सरकार आहे. वाण्याची पेढी नव्हे," तो म्हणाला. "इथे रजा मेहेरबानी म्हणून मिळत नाही. हक्क म्हणून मिळते. समजलं का?"

मला समजले आणि मी हरखलो. अकरा महिने काम केले की एक महिन्याची हक्काची रजा, पूर्ण पगारी. हे ऐकून मी त्या दिवशी बायकोला सांगितले की आपण आता माणसांत आलो.

हळूहळू कळले की हक्कालाही पायऱ्या असतात. सगळ्यात वर कचेरीचा मुख्य, गोरा साहेब. त्याला हक्काची रजा होती, आजारीपणाची रजा होती, आणि फर्लो म्हणून एक लांबच लांब रजा होती, ज्यात माणूस विलायतेला जाऊन वर्ष दोन वर्षे राही आणि अर्धा पगार त्याच्या मागे जहाजाने जाई. त्याखाली शिरस्तेदार आणि आम्ही कारकून. आम्हाला महिनाभराची रजा होती खरी, पण आमचे काम बाकीच्यांनी उरकले तरच, म्हणजे तुमच्या हक्कावर शेजारच्याने सही करायची. बिचारा सही करे, कारण पुढच्या वर्षी त्यालाही माझी सही लागणार होती. आणि सगळ्यांत खाली पट्टेवाले. त्यांना रजा नव्हती असे नाही. त्यांनी रजेवर जाताना आपला एवजी द्यावा, म्हणजे आपल्या जागी दुसरा माणूस उभा करावा आणि आपला पगार त्याला द्यावा. याला नियमात रजाच म्हटले होते.

साहेबाने मात्र आपली हक्काची रजा कधी खर्चच केली नाही. वैशाखात अकोल्याच्या भिंती तापू लागल्या की तो तपासणीला चिखलदऱ्याला जाई. तिथे वर गार वारा, धुके, आणि साहेब लोकांचे बंगले. चिखलदरा आमच्या साहेबाच्या हद्दीतही नव्हते, पण एका मोठ्या साहेबाशी सरकारी कामाबद्दल बोलायचे आहे एवढे लिहिले की झाले. मोठा साहेबही तिथेच असे, आणि तोही तपासणीलाच आलेला असे. दोन महिने रोजनाम्यात मी लिहीत होतो, "साहेबबहाद्दर, मुक्काम चिखलदरा, सरकारकामी." अस्वलाची शिकार झाली तो दिवसही सरकारकामीच लिहिला. माझ्या हातानेच लिहिला.

त्याच्याबरोबर एक पट्टेवाला जाई. पन्नाशीचा, बाळापूरकडचा, उंच, पाठीला बाक आलेला. इंग्रजांच्या आधी निजामाच्या अमलातही तो कुठल्याशा अंमलदाराच्या दारात उभा होता. राज्य बदलले, पण दार आणि तो तसेच राहिले. आम्ही सगळे त्याला मामा म्हणत असू. बायको गेलेली, मुलगी सासरी. वर्षानुवर्षे त्याने एक दिवसही मागितला नव्हता, कारण मागून मिळणार काय हे त्याला ठाऊक होते.

त्या वर्षी त्यांना घाट उतरायला उशीर झाला. पाऊस लागल्यावर मेळघाटातले ते रान म्हणजे तापाचे घर. साहेब पालखीतून उतरला, मामा पालखीच्या बाजूने चालत. दोघांनाही डास चावले. आठ दिवसांनी अकोल्यात दोघे एकाच दिवशी अंथरुणाला खिळले. दोघांनाही एक दिवस आड थंडी वाजून ताप येई, आणि तो येण्याची वेळसुद्धा जवळपास तीच, दुपारची.

साहेबाकडे गोरा डॉक्टर आपल्या गाडीतून आला. दोनच दिवसांत कागद तयार झाला. त्याची नक्कल माझ्याकडे आली. त्यात लिहिले होते की रुग्णाने याच हवेत राहणे चालू ठेवल्यास त्याच्या जिवास धोका आहे, सबब हवापालटासाठी त्यास विलायतेस पाठवणे जरूर आहे. अठरा महिने. साहेब मुंबईला निघाला त्या दिवशी कचेरी त्याच्या सन्मानार्थ दुपारी बंद झाली. पूर्ण पगारी अशी मला त्या वर्षी मिळालेली ती पहिली सुटी.

मामाला मी कचेरीमागच्या त्याच्या खोलीत भेटायला गेलो. तो दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होता.

"मामा, रजेचा अर्ज करायचा का?"

"कायले भाऊ? एवजी कुठून आणू? अन् त्याले पगार दिला त मी खाऊ काय?"

"आजारीपणाची रजा साहेबाला मिळाली. तुम्हालाही तोच ताप आहे."

तो हसला. हसताना त्याचे दात वाजत होते. "ताप तोच हाय. पण तो साहेबायले आला ना."

दवाखान्यातल्या देशी डॉक्टरने त्याला तापावरची कोयनेलची पूड दिली. दाखला मागितला तर म्हणाला, पट्टेवाल्यांना दाखला देण्याचा मला अधिकार नाही, वर विचारा. वर म्हणजे गोरा डॉक्टर. त्याच्या दारात मी दोनदा उभा राहिलो. तिसऱ्यांदा गेलो नाही. कामे होती, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

मग मला एक कल्पना सुचली आणि तिचा मला फार अभिमान वाटला. साहेबाच्या दाखल्यातले शब्द मी मराठीत उतरवले आणि तेच्या तेच मामाच्या अर्जात लिहिले. "अर्जदाराने याच हवेत राहणे चालू ठेवल्यास त्याच्या जिवास धोका आहे." जे वाक्य एकदा मान्य झाले ते दुसऱ्यांदा नाकारतील कसे, असा माझा हिशेब. मी तरुण होतो, आणि तरुण कारकुनासारखा मूर्ख प्राणी देवाने दुसरा केला नसेल.

साहेबाच्या जागी हंगामी आलेला नवा साहेब कोवळा होता, मिशा नुकत्याच फुटलेल्या. तो अर्ज वाचून शिरस्तेदाराकडे बघायला लागला. शिरस्तेदार माझ्याकडे. अर्जातले वाक्य कुठून आले हे त्याच्या एका क्षणात लक्षात आले. त्या नजरेतली थंडी मला अजून आठवते. मामाला बोलावणे गेले. तो घोंगडी पांघरूनच आला, भिंतीला हात धरून.

"हवापालट के लिये कहाँ जायेगा?" नव्या साहेबाने विचारले. हिंदुस्तानी तो जहाजावर शिकला होता.

"हुजूर, घरी जाईन. बाळापुराजवळ."

"वो कितना दूर है?"

"एका दिवसाची वाट, हुजूर."

साहेबाने विचार केला. तो वाईट नव्हता. त्याला नियम समजून घ्यायचा होता, एवढेच. "अर्ज कहता है, इस हवा में जान का खतरा है. बाळापूर की हवा तो यही हवा है."

"हो हुजूर. मी त इथंच जन्मलो."

"तो फिर हवापालट कैसे होगा?"

मामाने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. तेव्हा शिरस्तेदार खाकरला आणि अदबीने म्हणाला की अर्जातले कारण टिकत नाही, पण माणूस जुना आहे, तर दोन महिन्यांची बिनपगारी रजा एवजी देऊन द्यायला हरकत नसावी. एवजी आपण बघू. साहेबाला हे फार पसंत पडले. त्याने सही केली आणि मामाला म्हणाला, "अच्छा हो जाओ." माणसाने दयाळूपणा इतक्या स्वस्तात करावा हे बघून मला शिसारी आली. पण मी कागद वाळवला आणि दप्तरात ठेवला.

एवजी म्हणून दुसऱ्या दिवशी जो आला तो शिरस्तेदाराच्या घरी पाणी भरणारा गडी होता. मामाचा पितळी बिल्ला लावलेला पट्टा त्याने कमरेला बांधला. त्याला तो फार मोठा झाला. त्याने त्याला नवे भोक पाडून घेतले. भोक पाडलेले मी पाहिले आणि तरीही मला काही उमगले नाही.

मामा बाळापूरला गेला. चुलत्याच्या घरी पडून राहिला. दोन महिन्यांत ताप पुष्कळ उतरला. पुरता गेला नाही, असा ताप पुरता जात नाही. त्याची रजा संपली ती नेमकी दसऱ्याच्या सुटीच्या आदल्या दिवशी. कचेरी सुटीत बंद. त्याने साधा विचार केला: बंद दाराशी कशाला जायचे? सुटी संपली, कचेरी उघडली, त्या सकाळी तो पहिला हजर होता. धुतलेले धोतर, दाढी केलेली. दारात एवजी उभा होता.

शिरस्तेदाराने त्याला आत बोलावले. मला म्हणाला, "तुम्ही पण या. तुम्ही अर्जलेखक."

"रजा कधी संपली?" त्याने मामाला विचारले.

"दसऱ्याच्या आधी, रावसाहेब."

"मग त्या दिवशी हजर का झाला नाहीत?"

"दुसऱ्या दिसापासून कचेरी बंद होती."

"त्या दिवशी उघडी होती ना? संध्याकाळपर्यंत उघडी होती." शिरस्तेदार सावकाश बोलत होता. "रजेला सुटी जोडता येत नाही. पुढे सुटी असेल तर रजेच्या शेवटच्या दिवशीच हजर व्हायचं, हा नियम आहे. त्या दिवशी तुम्ही हजर झाला असता तर सुटी तुमची होती. झाला नाहीत. म्हणजे सुटीचे सगळे दिवस तुम्ही विनापरवानगी गैरहजर. विनापरवानगी गैरहजर पट्टेवाल्याचे नाव कमी होते. मी काय करणार? तुम्हीच सांगा."

मामा म्हणाला, "मले कोणी सांगतलं नाई."

"विचारलंत कुणाला?"

मी तिथे उभा होतो. नियम मलाही ठाऊक नव्हता, हे खरे आहे. पण हेही खरे आहे की त्या नियमाचा बडगा आजवर कोणावर उगारलेला मी पाहिला नव्हता. गेल्याच वर्षी शिरस्तेदार स्वतः रजेला दिवाळी जोडून पुण्याला राहून आला होता. हे मला ठाऊक होते, आणि हे मी बोललो नाही. शिरस्तेदार म्हणाला, "लिहा," आणि मी लिहिले. "विनापरवानगी गैरहजर, सबब नाव कमी." अक्षर चांगले आले होते.

त्याच आठवड्यात विलायतेहून डाक आली. साहेबाची प्रकृती सुधारत आहे, परंतु आणखी सहा महिने वाढवून मिळावेत. त्या कागदावर कोणी विचारले नाही की कोणत्या हवेत. मंजूर झाला.

शिरस्तेदाराचा मला राग होता असे म्हणणे बरोबर नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. त्या माणसाने एक जागा घरच्या गड्याला मिळवून देण्यासाठी दोन महिने आधीपासून पंचांग बघितले असेल, या विचाराने मला त्याची किळस आली. एवढी बुद्धी, आणि ती एवढ्याशा कामाला. पण त्याला ही संधी माझ्या हुशारीने दिली होती. मी त्या वाक्याची चोरी केली नसती तर कदाचित मामा तापातच कसाबसा दारात उभा राहिला असता आणि जागा टिकली असती.

माझे अकरा महिने भरले होते. मी माझी हक्काची रजा मागितली. शिरस्तेदाराने लगेच दिली, मी काही दिवस नजरेआड झालेला त्यालाही बरा वाटला असेल. छकडा ठरवला आणि मामाला म्हणालो, "चला अमरावतीला, आमच्या मळ्यात. वडिलांना राखणीला माणूस पाहिजे आहे." बायको, मी आणि मामा असे चौथ्या दिवशी घरी पोचलो. वाटेत बडनेऱ्याकडे रेल्वेचा भराव चालला होता, माणसे मुंगळ्यांसारखी टोपल्या वाहत होती. मामा गाडीत पडून बघत होता.

वडिलांना मी सगळी हकीकत सांगितली. ते विहिरीशी मोटेचे पाणी पडते त्या थारोळ्याच्या कडेला बसून ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला सरकारला शिवी देत होते. मला बरे वाटले. निदान आपला बाप तरी न्यायाचा माणूस आहे.

तेवढ्यात आमचा सालदार आला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी. त्याला पायाला काटा लागून पाय सुजला होता, आणि तो तीन दिवसांनी कामावर येत होता.

वडील त्याला म्हणाले, "तीन खाडे झाले तुये. अखजीले हिशेबात धरीन." अखजी म्हणजे अक्षयतृतीया, सालदारांच्या बोलीचे वर्ष बदलते तो दिवस.

"धन्या, पाय उचलत नव्हता."

"मंग? काम नाई त दाम कायचा?"

सालदार लंगडत मोटेकडे गेला. मी वडिलांकडे बघत राहिलो. मघाशी सरकारला दिलेल्या शिव्या अजून हवेत होत्या.

"बा, हे तुम्ही काय केलं?"

"काय केलं?" त्यांना खरोखर कळले नाही. "पोळ्याले सुटी देतो, अखजीले देतो, दिवाळीले धोतर देतो. अजून काय देऊ? तू बसून खाऊन राहिला पगारी, म्हणून जगानं खावं?"

मी खरेच बसून पगारी खात होतो. मळ्यात तीस दिवस मी काहीही केले नाही. आई मला वांग्याची भाजी आणि ज्वारीची गरम भाकर वाढी, आणि सालदार सुजलेल्या पायाने बैल हाकताना मला दिसे. मी पाठ फिरवून बसे.

आम्ही बोललो ते सगळे मामाने ओसरीवरून ऐकले होते. दुसऱ्या दिवशी वडील त्याला राखणीची बोली करायला गेले. मीही गेलो. मामा उठून उभा राहिला नाही. आयुष्यभर दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मी प्रथमच मालकासमोर बसलेला पाहिला.

"राखण करीन," तो म्हणाला. "पण माया ताप अजून गेला नाई. महिन्यातून दोन-तीन दिवस येते. ते दिवस मी पडून राहीन. ते खाडे धरायचे नाईत."

वडील म्हणाले, "असं कुठं असते का बावा?"

"साहेबायचं असते. मी पाहून आलो."

"तू काय साहेब हायेस?"

"नाई. म्हणून मी आधी इचारून राहिलो. साहेब नंतर इचारते." मामाने घोंगडी खांद्यावर ओढली. "पटत नसन त सांगा. बडनेऱ्याले भरावावर माणसं पायजेत, वाटेत पाहिलं मी."

वडील घुटमळले. त्या साली वऱ्हाडात माणूस मिळत नव्हता. अर्धी माणसे कापसावर, अर्धी रेल्वेवर. मळ्यात चोर फार झाले होते, रात्री मिरच्या खुडून नेत. वडिलांनी दोनदा पागोटे सारखे केले. मग म्हणाले, "दोन दिवस. तीन नाई."

"तापाले सांगून पाहा तुमी," मामा म्हणाला.

तीनच ठरले.

हे सालदाराने ऐकले, कारण मळ्यात काही लपत नाही. पुढच्या अखजीला तो येऊन वडिलांसमोर बसला आणि म्हणाला, "धन्या, आजारपणाचे खाडे धरायचे नाईत. मामाचे धरत नाई तुमी." वडिलांनी त्याला खूप ऐकवले. गावाला नावे ठेवली, मला ठेवली, रेल्वेला ठेवली. पण बोली मान्य केली. पुढे दोन वर्षांत अमेरिकेतली लढाई संपून भाव कोसळला, कामाला माणसे उदंड झाली, तेव्हा त्यांनी ती बोली मोडण्याचा एकदा प्रयत्न केला. आईने त्यांना घरात बोलावून काय सांगितले ते मला कळले नाही. बोली मोडली नाही.

रजा संपायच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला हजर झालो. नियम आता मला पाठ होता. साहेब दोन वर्षांनी परतला तो गुलाबी आणि जाड होऊन. दारात नवा माणूस उभा आहे हे त्याच्या लक्षातही आले नाही. पट्टा तोच होता. नोकरी मी सोडली नाही. त्या कचेरीत आणि तिच्यासारख्या इतर कचेऱ्यांत मी पेन्शनीपर्यंत राहिलो, नियमात होती ती प्रत्येक रजा घेतली, आणि एकदाही माझ्या हाताखालच्या माणसासाठी साहेबाच्या टेबलासमोर तोंड उघडले नाही. लोक मला नेमस्त म्हणत. शब्द चांगला आहे.

मामा आमच्या मळ्यात सहा वर्षे होता. ताप येई त्या दिवशी तो भर दुपारी आंब्याखाली बाज टाकून घोंगडीत पडलेला असे, आणि वडील मोटेकडे जाताना त्याच्या बाजूने जात. एकदा मी रजेवर असताना ते त्याच्याजवळ थांबलेले पाहिले.

"आज कितवा दिवस?" वडिलांनी विचारले.

"दुसरा."

"बरं," ते म्हणाले, आणि बाजेचा पाय उन्हात आला होता म्हणून त्यांनी ती बाज हातभर सावलीकडे ओढली.